त्या मंगळवारी मी ‘ठीक’ लिहिलं

दादा,

तू गेल्याला आज सव्वा महिना झाला. पहिले काही दिवस पाहुण्यांच्या चहापाण्यात गेले, बाकीचे मी घाबरून काढले. बेबीला कामाला लावलं की ती घाबरत नाही, असं तू म्हणायचास. म्हणून मी कामं काढून पाहिली. तुझं कपाट आवरलं, दाखल्याचे कागद लावले, वहिनीचे फॉर्म भरले, तुझे बूट कुणाला होतील ते विचारून ठेवलं. प्रत्येक कामापुढे टिक आहे. भीती होती तिथेच आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरला होता. ज्या हॉलमध्ये आपण दोन वर्षं बायकांना वजनं उचलायला शिकवलं, तोच. तुझ्या प्लांटमधल्या खलाशी गँगचे, साखळीनं जड भार चढवणारे सगळे आले होते. त्यांतला एक जण चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, “उस्ताद को किसने बोला था कसरत करने को? रिटायर हुआ, आराम करता.” दुसरा म्हणाला, “त्रेसष्टाव्या वर्षी लोखंड उचलाले गेला, हार्टवर लोड आला.” आपल्या क्लासच्या बायका मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या एकमेकींकडे पाहून माना हलवत होत्या. मी त्या माणसाला बिस्किटांची ताटली दिली.

खरं काय ते मला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर दोष लोखंडावरून उठून माझ्यावर आला असता. म्हणून मी गप्प बसले, दादा. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात थांबणार नाही.

हे सगळं मायपासून सुरू झालं. माय बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अकरा महिने खाटेवर राहिली. हाड जुळलं, पण उठून बसण्याइतकंही बळ मांड्यांत उरलं नव्हतं. व्यायाम करून घ्यायला बाई घरी यायच्या तेव्हा तू भिंतीला टेकून सगळं पाहत उभा राहायचास. एकदा त्या म्हणाल्या, “पायांत ताकद असती तर इतकं अडलं नसतं.” चौतीस वर्षं तू पोलादाच्या प्लांटमध्ये टनांचे गर्डर साखळीनं, हुकानं जागेवर बसवलेस. त्या दिवशी मायला कुशीवर वळवताना तू मला म्हणालास, “बेबे, एवढा भार हलवला मी जिनगानीत, पन मायले हलवताना हात कापून राहिले.”

माय गेली, तू रिटायर झालास, आणि दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडून एक कोरी वही मागून घेऊन प्लांट वसाहतीच्या सेक्टरमधल्या जिममध्ये जायला लागलास. वर्षभर तिथल्या मुलांना प्रश्न विचारून विचारून तू हैराण केलंस. मग आपल्या मरोद्याच्या विहाराचा हॉल मागितलास. फक्त बायकांसाठी, चाळिशीच्या पुढच्या.

“पुरुष कावून नाई?” मी विचारलं.

“पुरुषायले शिकवाले गेलो तं ते मलेच शिकवतीन.”

वजनं हथखोजला, मी स्टोअर सांभाळते त्या कारखान्यात तयार झाली. वाया गेलेल्या शाफ्टचे तुकडे कापून, लेथवर गुळगुळीत करून घेतले. मी स्टोअरच्या काट्यावर एकेक तोलला आणि पिवळ्या रंगानं आकडा घातला. एक, दोन, अडीच, पाच, साडेसात, दहा, पंधरा. तू मात्र पहिले पंधरा दिवस कुणालाही लोखंडाला हात लावू दिला नाहीस. खुर्चीवर बसा, उठा. भिंतीला हात लावून ढकला. बस.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायला सांगितलं. तोंडानं कुणी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. एका चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण अक्षर वहिनीचं होतं. दंड पुरुषासारखे होतील का? तू ती मोठ्यानं वाचलीस, बाही वर सारलीस आणि आपला दंड सगळ्यांना दाखवलास. “हे ज्यानं लिवलं त्यानं पाहावं. जिनगानी लोखंडात गेली, माये दंड तरी झाले का?” बायका इतक्या हसल्या की वहिनीनं पदरात तोंड लपवलं. मग तू नीट सांगितलंस. तसे दंड करायला माणसं वर्षानुवर्षं राबतात, त्यासाठी खातात, आणि बाईच्या शरीरात ते आणखीच अवघड असतं. तुमचं फार तर एवढं होईल, की गॅसचं सिलिंडर सरकवायला कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

रोज करायचं का, असं चौघींनी विचारलं होतं. एक दिवस आड, तू म्हणालास, शरीर आरामाच्या दिवशी जुळते. श्वास कधी सोडायचा? जोर लावताना. दम कोंडून उचललं की बीपी चढतो. उपाशी करायचं का? उपाशी पोटी चक्कर येत असेल तर दोन घास खाऊन या, आणि घरी डाळ-अंडं सगळं नवऱ्याच्या ताटात वाढू नका.

इकडच्या बोलीत दाई म्हणजे माय, म्हणून सुखवंतीनला आपण सगळेच दाई म्हणायचो; तिला लिहिता येत नव्हतं. ती उभी राहिली. “भइया, मोर घुटना पिराथे, मैं कइसे उठहूं-बइठहूं?” गुडघे दुखतात, तर उठबस कशी करू? तू खुर्चीवर दोन उशा ठेवल्यास. जेवढी बैठक उंच, तेवढं उठणं सोपं. महिन्यानं एक उशी काढलीस, पुढे दुसरी. सहा महिन्यांनी ती सकाळी हॉलच्या दारातूनच ओरडत आली. स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती आणि कशालाही न धरता उठली होती. तू नाचला नाहीस एवढंच.

आणि दुखण्याचा प्रश्न. तो तर प्रत्येकीच्या चिठ्ठीत होता. दुखलं तर थांबायचं का? दोन्ही मांड्या सारख्या दुखल्या आणि चालल्यावर मोकळ्या झाल्या, तर घाबरू नका. एकाच जागी, सांध्यात टोचलं, तर थांबा आणि मला सांगा. छातीत, जबड्यात, हातात दाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबा, बसा आणि सरळ दवाखाना. “त्याच्यात चर्चा नाई,” तू म्हणालास. मी ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं होतं.

आपल्या दोघांचं भांडण वेगळंच होतं. मला आकडा हवा असायचा. किती वजन, किती वेळा, किती आठवड्यांनी वाढवायचं.

“शेवटचे दोन जड गेले पायजे, पन वाकडे नाई. तोच नंबर.”

“जड हा काय नंबर आहे?”

“मंग मोज तुया काट्यावर.”

दोन वर्षं तू मला दहा किलो जमिनीवरून उचल म्हणत होतास आणि दोन वर्षं मी साडेसातच्या पुढे गेले नाही. कमरेची भीती, मायसारखं पडायची भीती. तू तुझ्या कामातली रीत सांगायचास. नवा भार असला की आधी जमिनीपासून चार बोटंच उचलायचा, तिथंच धरायचा, साखळी पाहायची, आवाज ऐकायचा, मगच वर न्यायचा. “चार बोटं तं उचल, बावा. चार बोटांनी कोनी मरत नाई.” मी मान हलवायची आणि साडेसात हातात घ्यायची.

तुला एक गोष्ट सांगितली नाही. गेल्या उन्हाळ्यात आटाचक्कीवरून आणलेला दहा किलो पिठाचा कट्टा मी एकटीनं स्कूटीवरून उतरवून आत नेला. आधी चार बोटं उचलून थांबले. मग उचलला. कमरेला काही झालं नाही. तुला सांगितलं असतं तर तू हॉलभर मिरवला असतास, आणि मला हरायचं नव्हतं. आता वाटतं, हरले असते तर बरं झालं असतं.

हजेरीची वही ही सुद्धा तुझ्या प्लांटचीच रीत. काम सुरू करण्याआधी गँगनं गोल उभं राहायचं, आज कुणाला काय होतंय ते विचारायचं, वहीत लिहायचं. पण तूच सांगितलं होतंस की तुमच्याकडे कुणी तोंड उघडायच्या आत ‘सब ठीक’ लिहून झालेलं असायचं. “आमी सही मारत व्हतो. आंग तापलेलं असो का घरी भांडून आलेलं असो.” म्हणून इथं खरंच विचारायचं, असं तुझं म्हणणं. मी रकाने आखले. झोप, बीपी, साखर, दुखणं, इतर. बायका ‘इतर’मध्ये सुनेशी झालेलं भांडणसुद्धा सांगायच्या. तू तेही मोजायचास. “मंग आज हलकं घे. रागात मानूस जास्त उचलते.” सगळ्यांत खाली तुझं नाव मी घातलं होतं. तू हसायचास, पण रोज उत्तर द्यायचास.

आता तो मंगळवार.

मी सकाळी पावणेसहाला आले. तू हॉलच्या पायरीवर बसला होतास. तू कधी बसत नाहीस.

“कावून बसला रे?”

“काई नाई. तलावाकडून चालत येऊन राहिलो तं इथं दाटलं.” तू हनुवटीखाली हात नेलास. “डाव्या हाताले मुंग्या आल्या. बसलो तं गेलं.”

“चल. स्कूटी आहे. आत्ता जाऊ.”

“गॅस हाये, बेबे. काल हरभऱ्याची उसळ दाबून खाल्ली.”

“मी लिहिते.”

“लिवू नको.” तू माझ्या हातातल्या पेनावर हात ठेवलास. “मास्तरलेच असं झालं म्हनलं का बाया परवा येनार नाईत. हॉल खाली व्हइन. शनिवारी दाखवतो ना डॉक्टरले. आन वहिनीसमोर बोलू नको.”

तेवढ्यात फाटकाशी दोघी दिसल्या. तू उठलास, हात झटकलेस आणि कुलूप उघडलंस. मी आत जाऊन तुझ्या नावापुढे ‘ठीक’ लिहिलं. सत्तावीस वर्षं मी स्टोअर सांभाळते आहे. जो माल फळीवर नाही तो आहे म्हणून मी कधी लिहिलेला नाही. एकदाच लिहिलं, ते तुझ्या छातीबद्दल.

गुरुवारी सकाळी आम्ही अकरा जणी हॉलबाहेर उभ्या होतो आणि तू आला नाहीस. घरी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बुटाची लेस बांधता बांधताच तू गेला होतास. एकच बूट घातला होतास.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, सांगते. दात घासताना डावा हात जड वाटला की मी ब्रश खाली ठेवून बसायची. स्टोअरच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीला थांबून नाडी मोजायची. वहिनीचा फोन वाजला की वाटायचं, तिला कळलं. आणि नाही वाजला, तरी तेच वाटायचं. वही मी पिशवीत घालून, पिशवी सुटकेसमध्ये घालून, सुटकेस माळ्यावर टाकली होती. माझ्यासारखी बाई कागद लपवायला लागली म्हणजे काय झालं असेल, ते तूच समज.

हॉलला कुलूपच होतं. एके दिवशी बाजारात सुखवंतीन दाईची सून भेटली. मी दाईची चौकशी केली तर म्हणाली, “दाई अब नइ जावय. कसरत के मारे भइया चल दिस न.” आता ती जाणार नाही, व्यायामापायीच भैया गेले ना. मग सहज, कोथिंबीर निवडता निवडता, हिंदीत सांगितलं की दाई आता परत उठायला हाक मारते, बाथरूममधूनसुद्धा.

मला समोर माय दिसली. तुझ्या जाण्यानं नव्हे, माझ्या गप्प बसण्यानं दाई खाटेकडे निघाली होती. मी भाजी न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीकडे गेले. ती मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, कारण बसले असते तर चहा झाला असता आणि मग राहून गेलं असतं. पायरी, हनुवटी, मुंग्या, शनिवार, ‘ठीक’. सगळं.

वहिनीनं मान वर केली नाही. “मंगळवारी?”

“हो.”

“आन गुरुवारी गेला.”

“हो.”

ती निवडत राहिली. जुडी संपली तेव्हा देठं गोळा करत म्हणाली, “तू तं सगळंच लिवतं ना. माया घरात किती वाट्या हायेत ते तुया वहीत हाये. कोन्या लग्नात कोन काय घालून आलं ते हाये. आन हे नाई लिवलं?”

मी खाली वाकून उरलेली देठं उचलायला गेले.

“जा आता घरी.”

चार दिवस तिनं फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी तिचाच आला. “बेबी, माई छाती दाखवाची हाये. येतं का? तुयीबी दाखवून घेऊ.” मी हो म्हटलं. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, “मले त्यानं रविवारपासून ओव्याचं पानी मागतलं व्हतं. मी देऊन राहिली. कावून पाहिजे ते विचारलंबी नाई.”

डॉक्टरांकडे मी अकरा प्रश्न लिहून नेले. वहिनीचा बीपी इतका निघाला की त्यांनी आधी तिला गोळी दिली आणि मग बोलले. बीपी ताब्यात येईपर्यंत वजन नाही, हळू चालणं चालेल. माझी ईसीजीची पट्टी सध्या बरी आहे. हाडं विरळ होत चालली आहेत, म्हणून मी तर वजन उचलायलाच हवं, हळूहळू वाढवत. दहावा प्रश्न तुझा होता. वजनांमुळे झालं का? ते म्हणाले, चालताना दाटलं आणि बसल्यावर गेलं, हा हृदयाचाच इशारा असावा. हृदयाच्या नळ्या आठवड्यात तुंबत नाहीत, वर्षं लागतात. त्या दिवशी जिने चढले असते तरी तेच दिसलं असतं.

अकरावा मला वाचवेना. वहिनीनं कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचला. “मंगळवारी आनलं असतं तं?”

डॉक्टर तिला म्हणाले, “वाचले असते की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण आणायला पाहिजे होतं.”

परतताना स्कूटीवर मागून वहिनी म्हणाली, “तो भेला व्हता.”

“कोण?”

“तुया भाऊ. बाया येनार नाईत, त्याचं काय घेऊन बसली? मायले पाहून त्याच्या मनात खाटेचं भेव बसलं व्हतं. दवाखान्यात गेलो का झोपवतीन, मंग उठतच नाई मानूस. मले एकदा बोलला व्हता.”

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. दादा, एकोणीस बायकांची भीती तू एकेक उशी काढून कमी केलीस. माझी कमी करायला दोन वर्षं भांडलास. आणि तुझ्या भीतीचा रकाना मी कधी आखलाच नाही. तुला भीती असेल असं मला सुचलंसुद्धा नाही. तू मला खोटं लिहायला लावलंस, याचा राग आहे. तो जाईल असं वाटत नाही. त्याच रागात रोज सकाळी मी खुर्चीवरून हात न टेकता उठते, आणि हे तू दिलेलं आहे, हेही खरं आहे. दोन्हीची बेरीज मला येत नाही.

मग मी एकोणीस जणींना एकेक करून फोन केला. सगळ्यांना तेच सांगितलं. दादाला दोन दिवस आधी त्रास झाला होता, त्यानं मला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही आणि दवाखान्यात नेलं नाही. एकीनं मध्येच फोन ठेवला. एकीनं विचारलं, मग आमच्या नावापुढे लिहिलेलं तरी खरं होतं ना? सुखवंतीन दाईनं मग हॉल कधी उघडणार, एवढंच विचारलं.

काल उघडला. सात जणी आल्या. दाई सुनेचा हात धरून आली, आणि सून दारात थांबून राहिली. वजनं भिंतीशी होती तशीच होती. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. वही मी माळ्यावरून काढून आणली होती. वहिनीनं ती माझ्या हातातून घेतली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “हे काम आता मायाकडं. तू तिकडं उभी राय, लाइनीत.”

ती एकेकीला विचारत गेली. वहिनीचं लिहिणं सावकाश आहे. बायका थांबत होत्या. माझा नंबर शेवटी आला.

“तुयं सांग, बेबी.”

तोंडातून ‘ठीक’ हा शब्द निघणारच होता. मी तो गिळला आणि सांगायला लागले. झोप चार तास. डावा खांदा दुखतो, स्कूटीचा असेल, पण मला खात्री नाही. जिन्यावर धडधडतं. डॉक्टर बरं म्हणाले तरी धडधडतं. भीती वाटते, वजनाची आणि घरी एकटी असले की जास्तच. मी बोलत सुटले होते, मागे दाई खोकली तरी थांबता येईना.

“हळू सांग,” वहिनी म्हणाली. “लिवून राहिली ना मी.”